लाल नाड्याचं फळ

धुळे, १४ जानेवारी १९९४

शेवंताबाई,

मी जीवराम, भाजीपाला संशोधन केंद्रावरचा. आठ वर्षांनी माझं अक्षर पाहून हे पत्र चुलीत गेलं नसेल, एवढ्या भरवशावर लिहितो आहे. गेलं असलं तरी माझी तक्रार नाही. तुमचा पत्ता रुपचंद ट्रॅक्टरवाल्यानं दिला. पहूरला लेकीकडे राहतात म्हणाला, तब्येत बरी आहे म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. तो अजूनही माझ्याशी कामापुरतंच बोलतो.

तुम्हाला वाचता येत नाही, म्हणजे हे कुंदाच वाचत असणार. कुंदा, तुझी वरात केंद्राच्या ट्रॅक्टरवरून निघाली होती, तेव्हा पुढे बसून सगळ्यांच्या शिव्या खात जागा करून देणारा तो मी. तुला एकच सांगणं आहे. जसं लिहिलंय तसं वाच. आईला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस, आणि वाईट वाटू नये म्हणून काही गाळू नकोस.

माझी आई दिवाळीत गेली. वय झालं होतं, हाल झाले नाहीत. तिची पत्र्याची पेटी मी परवा उघडली. तळाशी फडक्याची एक पुडी होती, तिला वरून पूजेचा लाल नाडा गुंडाळलेला. आत राखेत घोळलेलं काकडीचं बी निघालं, मोजून एकतीस. कुणाच्या हातून, कसं तिच्यापर्यंत पोचलं ते देव जाणे. पण तो नाडा पाहिला आणि माझी खात्रीच झाली. हे चौथ्या ओळीतल्या सतरा नंबरच्या वेलाचं बी आहे.

कुंदाला समजावं म्हणून थोडं लिहितो. काकडीच्या वेलावर नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी. मादी फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी आधीपासूनच असते, नराच्या मागे नुसता देठ. आपल्याकडच्या वेलांना नर फुलं ढीगभर आणि मादी मोजकी. आमच्या पंडितसाहेबांना असा वेल हवा होता की ज्यावर फक्त मादी फुलं येतील, आणि मधमाशी फिरकली नाही तरी फळ धरेल, आत बी न होता. परदेशी बियाण्याची चिमूटभर पुडी त्यांना कुठून तरी मिळाली होती. तिच्यात हे दोन्ही गुण होते, पण ते वेल आपल्या उन्हात टिकेनात. म्हणून साहेबांनी त्यांचा गावरान काकडीशी संकर केला, आणि शहाऐंशी साली त्याच्या दुसऱ्या पिढीचे शहाण्णव वेल लावले.

हे दोन गुण वेगवेगळे उतरतात. एक आला म्हणून दुसरा येईलच असं नाही. दोन्ही पक्के असलेला वेल सोळात एक निघेल, असा साहेबांचा हिशेब. शहाण्णवात सहा. सहा दिसलेही. मग होळीला ऊन चढलं आणि पाच वेलांनी गपचूप नर फुलं काढायला सुरुवात केली. सतरा नंबर तेवढा उरला. तो आपल्याला सापडला, आणि त्याचं बी धरलेलं एकुलतं एक फळ अक्षय तृतीयेला, आखाजीच्या सकाळी वेलावरून नाहीसं झालं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

आता पत्राचं कारण. हे बी मी क्वार्टरच्या मागच्या अंगणात पेरणार आहे. जूनअखेर मी निवृत्त होतो, त्याआधी एकदा बघायचं आहे. पण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. तुम्ही कळी नीट दिसायच्या आधीच सांगायचात, हा वेल नर काढणार, हा नाही काढणार. ते कशावरून सांगायचात, एवढं कळवावं. जुनं काही उकरून काढायचा माझा विचार नाही.

जीवराम


धुळे, २१ फेब्रुवारी १९९४

शेवंताबाई,

कुंदाचं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण आल्या. 'आई सांगते डोळ्याने पाहू नका, बोटाने पाहा. पानाच्या बेचक्यात गुच्छा लागला तर नर, एकच दाणा लागला तर मादी. आणि आई विचारते, यंदा धागा कोणत्या रंगाचा बांधणार?'

पहिली ओळ वाचून मी अर्धा तास ओट्यावर बसून राहिलो. पंडितसाहेब सगळ्यांदेखत म्हणायचे, शेवंताबाईंच्या डोळ्यांना पदवी द्यायला पाहिजे. मी शेती पदविका घेतलेला माणूस, पहिल्या वर्गात पास, आणि शेजारी उभा राहून हसायचो. आणि ते डोळे नव्हतेच म्हणायचे. तुम्ही पाणी धरता धरता पानाखाली हात घालायच्या, तो तुमचा चाळा आहे असं मी समजत होतो.

दुसऱ्या ओळीचा अर्थ मला लागला नाही. धाग्याचं का विचारलंत?

एकतीसपैकी नऊ उगवले. दोन रोपं बुडाशी कुजून, मान मोडून गेली, सात जगली. आता चार-चार पानांवर आहेत. त्यातल्या दोघांच्या शेंड्यावर मी चांदीच्या औषधाचं पाणी फवारतो आहे. मादी वेलाला त्याच्यामुळे थोडे दिवस नर फुलं येतात, आणि त्याचंच त्याला परागण करून बी धरता येतं, हे तुम्हाला सांगायला नको. बोटं पुन्हा काळी झालीत. तेव्हा आपल्या दोघांचीच बोटं काळी असायची आणि कामावरची भिकुबाई चिडवायची, दोघं मिळून कुठली शाई चोरता म्हणून.

मागच्या पत्रात मी देव जाणे असं लिहिलं. देवाला मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. ते फळ माझ्या आईनं तोडलं होतं.

ते असं झालं. कळी उघडायच्या आदल्या संध्याकाळी आपण तिचं तोंड धाग्यानं बांधायचो. नुसतीच बंद ठेवून फळ धरतं का ते पाहायचं असलं तर पांढरा धागा, आणि आपण हातानं पराग लावून बी धरायला ठेवलेल्या कळीला लाल. पांढरा धागा ऑफिसातून यायचा. लाल मागवला होता तो आलाच नाही. फुलं काही थांबत नाहीत, म्हणून मी घरातून आईच्या पूजेच्या डब्यातला नाडा आणला. तिला न विचारता. ऑफिसात सांगितलं की बाजारातून आणला.

आखाजीच्या सकाळी आई क्वार्टरमागून फिरायला निघाली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात ती माझ्या वडिलांची घागर भरायची होती आणि वर ठेवायला खरबूज, आपलं डांगर, आणायचं राहून गेलं होतं. वाफ्यात तिला पिकून पिवळी झालेली जाड काकडी दिसली आणि तिच्या देठाला नाडा. आपल्याकडे नाडा बांधलेलं फळ म्हणजे देवासाठी नाहीतर पितरांसाठी राखलेलं, त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही. शिवाय नाडा तिच्याच डब्यातला, तो तिनं लगेच ओळखला. आपल्याच घागरीसाठी हे राखून ठेवलंय असं समजून तिनं विळ्यानं देठ कापला आणि फळ पदराखाली झाकून घरी आणलं. तिच्या मनात काहीच वावगं नव्हतं.

तेव्हा फळ तुम्ही घेतलं नव्हतं हे आता सिद्ध झालं आहे. पेटी उघडल्यावर मला हे सगळं उमगलं. झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो.

जीवराम


धुळे, २ एप्रिल १९९४

शेवंताबाई,

चाळीस दिवस झाले, उत्तर नाही. बरोबरच आहे. 'झाल्या प्रकाराबद्दल खेद वाटतो' हे मी वीज गेल्यावर बोर्डाला पाठवायच्या अर्जात लिहितो. तुम्हाला लिहिताना तेच वाक्य हाताला आलं, याची मला लाज वाटते.

आधी वेलांचं सांगतो, ते सोपं आहे. पारा एक्केचाळीसवर गेलाय. रोज सकाळी मी डोळे मिटून पानाखाली बोटं घालतो. फवारलेले दोन सोडले तर पाचही वेलांवर प्रत्येक बेचक्यात एकच दाणा. गुच्छा कुठेही नाही. पांढऱ्या धाग्यानं बांधलेल्या कळ्यांतल्या दहापैकी नऊ वाढताहेत, त्यातली एक मी कापून पाहिली. आत मऊ पांढऱ्या पापुद्र्यांशिवाय काही नव्हतं. सतरा नंबर पक्का होता, दोन्ही गुणांनी पक्का, आणि तो तुम्ही ओळखला होतात. मागे मी 'आपल्याला सापडला' असं लिहिलं. नोंदवहीत तर त्याहून वाईट आहे. तिथं 'निरीक्षण : जीवराम' असं आहे, माझ्या सहीनं. साहेबांनी ती नोंद पाहिली आणि विचारलं, हे शेवंताबाईंनी सांगितलं ना? मी म्हणालो, त्यांनी पाणी धरलं, पाहिलं मी. साहेबांनी वही मिटून परत दिली. त्या दिवसापासून मला तुमचं केंद्रावर असणं सोसेना.

आता खरं ते लिहितो. कुंदा, सावकाश वाच.

पेटी उघडल्यावर कळलं हे खोटं आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं.

त्या सकाळी सातला मी वाफ्यावर गेलो तेव्हा देठ कापलेला होता. सुट्टीचा दिवस, कुंदा माहेरी आलेली, म्हणून तुम्ही पहाटेच येऊन पाणी धरून घेतलं होतंत. बाकी कुणी आत आलं नव्हतं, असं पहारेकरी म्हणाला. माझ्या आईला तो मोजत नव्हता, साहेबलोकांच्या घरचं माणूस म्हणून. तुम्ही बांधावरून निघाला होतात आणि पदरात काहीतरी बांधलेलं होतं. कानबाई देवीच्या ठाण्यावर निघालेल्या बारा बायका वाटेत थांबल्या. त्यांच्यादेखत मी तुम्हाला पदर सोडायला लावला.

तुम्ही म्हणालात, "भाऊ, मी फळले हात लायेल नही."

मी म्हणालो, पदर सोडा. तुम्ही सोडलात. आत सांजोऱ्या होत्या, माझ्या आईसाठी आणलेल्या. तुम्ही त्या बांधावर ठेवल्यात आणि निघून गेलात. दुसरा एखादा माणूस तेवढ्यावर थांबला असता. मी ऑफिसात जाऊन अहवाल लिहिला की सदर महिला मजुराने फळ अगोदरच इतरत्र हलवले असावे. तो साहेबांपुढे ठेवला. पाच वर्षांचं काम होतं ते, परदेशी पुडी संपलेली, तो वेल उन्हानं वाळत आलेला. त्यांनी अहवाल न वाचता सही केली.

दुपारी घरी आलो, आंघोळ केली आणि वडिलांच्या घागरीपुढे पाटावर बसलो. घागरीवर ते फळ होतं, देठाला लाल नाडा. आई उदबत्ती लावत होती. ती म्हणाली, "शेवंतानी तुना बापसाठे राखी ठेयेल व्हई. देख, आपलाच नाडा बांधेल शे. गुणी बाई शे, भाऊ."

मी घागरीला नमस्कार केला. हळदकुंकू वाहिलं. जेवलोसुद्धा.

उठून ऑफिसात जायला वीस पावलं होती. साहेब अजून तिथंच बसले होते. मी गेलो असतो तर फळ मिळालं असतं, बी मिळालं असतं, तुम्ही संध्याकाळी परत कामावर असता. पण नाडा कुठून आला हे सांगावं लागलं असतं, आणि आईला सगळ्या केंद्रानं चोर म्हटलं असतं असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण तेही नाही. मी बारा बायकांदेखत चुकलो होतो आणि तुमच्यापुढे चुकलो होतो, ते मला कबूल करवेना.

आईला सांगितलं, आतलं बी फेकून दे, कडू जातीचं आहे. तिनं हो म्हटलं आणि सवयीनं राखेत घोळून ठेवून दिलं. ते ठेवलंय हे मात्र मला खरंच माहीत नव्हतं.

साहेब एक्याण्णवला गेले. नाशिकला दवाखान्यात भेटायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, सतराचं काही कळलं का रे कधी? मी नाही म्हणालो.

जीवराम


धुळे, २२ एप्रिल १९९४

शेवंताअक्का,

अक्का लिहिलं. आवडलं नाही तर खोडून टाका.

कुंदा, तू तुझ्या आईचं बोलणं जसंच्या तसं उतरवून पाठवलंस, हे फार बरं केलंस. सुधारून लिहिलं असतंस तर मला पळवाट मिळाली असती. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. तरी इथं पुन्हा लिहून काढतो, म्हणजे मी ते वाचलं याची खूण राहील.

"मी त्या दिन दुपारले तुमना दारसे वनू व्हतू. आजीना पायवर हात ठी शप्पथ लेवाले. दारमाईन घागर देखी. फळ देखं, नाडा देखा. तुम्ही हात जोडी बशेल व्हतात. पितरेसनी घागरवरलं फळ कोनी मांगस का? मी मांगे फिरनू. तुम्ही दुसरा दिन येशात आशे वाटनं व्हतं."

म्हणजे माझ्या आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घ्यायला आलेल्या तुम्ही दारात होतात. मी डोळे मिटून हात जोडले तेव्हा तुम्ही माझ्या पाठीमागे उभ्या होतात. आठ वर्षं मी जे गिळून बसलो होतो, ते तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तुम्ही तिथल्या तिथं ओरडला असता तर तुमचं काम वाचलं असतं. पण माझ्या आईच्या सणाच्या दिवशी, माझ्या बापाच्या घागरीसमोर तुम्ही ते केलं नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मी येईन म्हणून वाट पाहिलीत. धाग्याचा रंग का विचारलात ते आता समजलं. मी स्वतःहून नाड्याचं नाव काढतो का, हे तुम्हाला पाहायचं होतं.

मी दुसऱ्या दिवशी आलो नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या वस्तीवरून सायकलनं गेलो होतो. तुमचे दीर अंगणात तुम्हाला बोलत होते, चोरी केली म्हणून घराण्याचं नाव गेलं. ते मी ऐकलं आणि पॅडल मारून पुढं गेलो. हेही लिहून टाकतो, मागे काही ठेवायचं नाही.

मी ऑफिसला द्यायला जबाब तयार केला होता. तीन पानी, सहीशिक्क्यासह, आणि त्याची नक्कल तुम्हाला पाठवणार होतो. पण तुमची शेवटची ओळ आली: "जठे पदर सोडाले लावा, तठेच सांगा. कागद नको माले."

अक्का, मला भीती वाटते. कागद देणं सोपं आहे, तो फाइलला लागतो आणि फाइल कपाटात जाते. माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिलेत. नारळ, शाल, भाषणं असा बेत चाललाय, आणि प्रामाणिक सेवा असं त्या भाषणांत येणार आहे. बांधावर मात्र बायका पुढं उभ्या असतील आणि मला तोंडानं बोलावं लागेल. त्या दिवशीच्या बारांपैकी भिकुबाई आणि वच्छलाबाई दोघीच आता केंद्रावर आहेत. भिकुबाई कशी बघते ते तुम्हाला माहीत आहे.

पण सांगेन. आखाजीलाच सांगेन.

फवारलेल्या वेलांवर दोन लाल धाग्याची फळं धरलीत. नाडा आईच्याच डब्यातला आहे. या वेळी बायकोला विचारून घेतला.

जीवराम


धुळे, आखाजी, १९९४

शेवंताअक्का,

सांगून आलो. दुपार व्हायची आहे, त्याआधी लिहितो, कारण रुपचंदला साडेअकराची एसटी पकडायची आहे आणि हे पत्र त्याच्या हाती द्यायचंय.

सुट्टी असूनही बायका आल्या. रुपचंद त्यांना वस्तीवरून ट्रॅक्टरनं घेऊन आला. मी त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं की शेवंताबाईंबद्दल बोलायचं आहे. चौथ्या ओळीच्या जागी आता वांगी आहेत. बांध मात्र तोच. कानबाईच्या ठाण्याकडे वळणारी वाटही तीच. भिकुबाई, वच्छलाबाई, आणि नव्या आठ-दहाजणी, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नाही पण 'फळ चोरलेली शेवंता' ऐकलेली आहे. त्यांना सुट्टीत बोलावलं म्हणून त्या जरा कातावलेल्याच होत्या.

मी पाठ करून गेलो होतो. शेवंताबाईंनी फळ घेतलं नव्हतं, ते माझ्या आईनं न कळून तोडलं होतं, माझ्या घागरीवर होतं, नाडा माझ्या घरचा होता. सतरा नंबरचा वेल शेवंताबाईंनी ओळखला होता, मी नाही. त्यांना मी इथं पदर सोडायला लावला, तो अन्याय होता. त्याच फळाचं बी लावून धरलेलं एक फळ मला आता त्यांच्याकडे पाठवायचं आहे. एवढं बोललो. मला वाटलं, झालं.

भिकुबाईनं विचारलं, "तुमले कवय समजनं?"

अक्का, खरं सांगतो. हे मी भाषणात घातलं नव्हतं. तुम्हाला लिहून कळवलं होतं, पण त्यांना सांगायचं नाही असं रात्रीच ठरवलं होतं. आई गेल्यावर पेटीत सापडलं, एवढं म्हटलं असतं तर कुणालाही पटलं असतं, आणि मला त्यांच्या डोळ्यांत थोडी दया दिसली असती. ती मला हवी होती. वाक्य तोंडात तयार होतं. मग मला दिसलं की भिकुबाई बांधावरच्या त्याच दगडावर उभी आहे, ज्याच्यावर तुम्ही सांजोऱ्या ठेवल्या होत्यात.

मी म्हणालो, त्याच दिवशी. दुपारी.

वच्छलाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. भिकुबाई माझ्याकडे खूप वेळ बघत राहिली आणि मग बाकीच्यांना म्हणाली, चला. त्या गेल्या. मला कुणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. रुपचंद ट्रॅक्टरपाशी उभा होता, तो जवळ आला आणि म्हणाला, फळ कुठंय, मी नेतो पहूरला. आठ वर्षांत त्यानं माझ्याशी आपणहून काढलेलं हे पहिलंच बोलणं.

नंतर ऑफिसात जाऊन शहाऐंशीची नोंदवही काढली. माझं नाव खोडलं, बाजूला 'निरीक्षण : शेवंताबाई' असं लिहिलं आणि आजची तारीख घालून सही केली. सुट्टीतही आलेल्या नव्या साहेबांनी विचारलं, जुन्या नोंदी आता कशाला? त्यांना सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, संकोचले, आणि नारळ-शालीच्या कार्यक्रमाचं काय करायचं असं पुटपुटले. नको म्हटलं.

दोन फळांपैकी एक केंद्राला दिलं आहे. बीसुद्धा तुमच्या नावानं नोंदलं जाईल. दुसरं रुपचंदबरोबर तुमच्याकडे येत आहे, नाड्यासकट. पिकलेलं आहे. कापायचं, पेरायचं, उकिरड्यावर टाकायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुम्ही मला माफ करा असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर पुन्हा तुमच्याकडे काही मागितल्यासारखं होईल.

कुंदा, हा भाग दार उघडं ठेवून वाच, मोठ्यानं. शेजारीपाजारी ऐकलं तर ऐकू दे, तुझे काका तिकडे आले असतील तर त्यांनाही बसव. तुझ्या आईनं फळ घेतलं नव्हतं. ते आमच्या घरात होतं, आणि मला ते त्याच दिवशी माहीत होतं. पुन्हा एकदा वाच.

घरी आता घागर भरून ठेवली आहे. बायकोनं डांगर आणलं होतं, ते मी बाजूला ठेवायला लावलं. तिनं विचारलं, मग वर काय ठेवायचं? यंदा काही नाही म्हणालो. पाटावर बसून बाबांना पाणी सोडलं, आणि सांगितलं, तुमचं फळ आज पहूरला जातंय.

जीवराम तोताराम